मेहुणीचा लॅपटॉप आणि माझं अपडेट

विचुंब्याच्या आमच्या सोसायटीत मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा समज आहे. तो कसा झाला ते आधीच सांगून टाकतो. सोसायटीच्या ऑफिसातला प्रिंटर चालत नव्हता आणि सेक्रेटरी, खजिनदार, वॉचमन असे सगळे त्याच्याभोवती उभे होते. मी वाकून पाहिलं तर मागचं बटणच बंद. ते मी दाबलं, पण लगेच नाही. आधी दोन वायरी काढल्या, फुंकर मारून परत लावल्या, गंभीरपणे "हं" म्हटलं आणि सगळ्यांकडे पाठ करून मग दाबलं. तेव्हापासून लोक लॅपटॉप घेऊन दारात येतात. प्रत्यक्षात मी बेलापूरच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे, आणि माझा स्वतःचा कॉम्प्युटर बिघडला की मी फोन करून माणूस बोलावतो.

ही कीर्ती पुढे करंज्यापर्यंत गेली. करंजा म्हणजे माझी सासुरवाडी. सासूबाई बंदरावर लिलावात मासळी घेतात, काही ताजी विकतात, काही सुकवून विकतात. सगळं घर पहाटेपासून कामाला जुंपलेलं असतं, आणि त्या घरात मी मात्र खुर्चीत बसलेला असतो. जावई असल्यामुळे. मी डोंबिवलीच्या, मासळी न शिजणाऱ्या घरातून आलेला. लग्नानंतर पहिल्यांदा तिथे जेवायला बसलो तेव्हा बोंबलाचा काटा काढायचा असतो की खायचा असतो हे मला माहीत नव्हतं. मी एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ओळीनं मांडून ठेवला. समोर बसलेली सगळी माणसं पाहत होती, पण एकानंही मला सांगितलं नाही की बोंबलाचा काटा खाल्ला तरी चालतो. जावयाला चुकलं म्हणायचं नाही, असा त्या घरातला अलिखित नियम आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासूबाई माझ्याशी थेट फारसं बोलत नाहीत. मी समोर बसलेलो असतो आणि त्या बायकोला सांगतात, "त्यांना इचार, भात वाढू का?" बायको माझ्याकडे बघते, मी बायकोला सांगतो, बायको त्यांना सांगते आणि भात येतो. सुरुवातीला मला हे गमतीचं वाटायचं. नंतर सोयीचं वाटायला लागलं, कारण या वाटेनं कुठलीच टीका माझ्यापर्यंत पोहोचत नसे.

गेल्या वर्षी माझी मेहुणी एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात होती. तिचा प्रबंध सुक्या बोंबलावर होता. बोंबील किती वाळला म्हणजे टिकतो, मिठात घातला तर काय होतं, दमट हवेत त्याला बुरशी केव्हा लागते, असा सगळा अभ्यास. आईनं बांबूंवर टांगलेले बोंबील ती चिमट्यानं उचलून पिशव्यांत भरायची आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत न्यायची. सासूबाईंना यात शिकण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं. बोंबील वाळला की नाही हे हात लावून समजतं, त्याला यंत्र कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण पोरगी शिकतेय म्हणून त्या गप्प होत्या, आणि चांगले चांगले बोंबील अभ्यासासाठी बाजूला काढत होत्या.

प्रबंध कॉलेजच्या वेबसाइटवर चढवायचा शेवटचा दिवस शनिवार होता. संध्याकाळी पोर्टल बंद होणार, नंतर कुणाचं काही ऐकणार नाही, असं मार्गदर्शक बाईंनी सांगून ठेवलं होतं. करंज्याला घरात नेटवर्क येतं-जातं, म्हणून मेहुणी शुक्रवारीच आमच्याकडे आली. सोबत सासूबाई, आणि सासूबाईंसोबत पापलेटांची पिशवी.

आता माझी कामगिरी क्रमानं सांगतो.

शुक्रवारी संध्याकाळी मेहुणी म्हणाली, भावजी, सगळा प्रबंध इंग्रजीत आहे, पण सुरुवातीला आईचे आभार मानायचे आहेत ते मराठीत मानायचेत, तेवढी मराठी टाइप करायची सोय करून द्या. मी करून दिली. मराठीचा कीबोर्ड लॅपटॉपमध्ये घातला. यादीत तो इंग्रजीच्या खाली आला, ते मला पटलं नाही. मी त्याला उचलून पहिल्या नंबरवर ठेवला आणि मातृभाषेला कसं दुय्यम स्थान मिळतं यावर थोडं बोललो. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की तिच्या फायली इंटरनेटवर आपोआप जमा होतायत. ते मी बंद केलं. आपली मेहनत अशी परक्याच्या तिजोरीत ठेवायची नाही, कुणीही चोरेल, असं तिला समजावलं. ती शहाणी मुलगी आहे, पण कॉम्प्युटरचं मला कळतं असं तिनंही ऐकलेलं होतं.

शनिवारी सकाळी बाईंनी सुचवलेल्या शेवटच्या दुरुस्त्या तिनं केल्या. तक्ते नीट केले, निष्कर्षाचं प्रकरण पुन्हा लिहिलं. आता फक्त चढवायचं, आंघोळ करून येते, देवापुढे नमस्कार करते आणि मग बटण दाबते, असं म्हणून ती आत गेली. लॅपटॉप माझ्यासमोर उघडा होता. कोपऱ्यात एक निरोप आला होता: सुरक्षा अपडेट बाकी आहेत. माझ्या स्वभावाची अडचण अशी की बाकी असलेलं काही मला बघवत नाही. शिवाय त्याच आठवड्यात मी सोसायटीच्या ग्रुपवर 'अपडेट टाळणं म्हणजे चोराला दार उघडं ठेवणं' असा मजकूर स्वतः लिहून टाकला होता आणि त्याला बरेच अंगठे आले होते. पोरीचा इतका महत्त्वाचा प्रबंध आणि दार उघडं? ती आंघोळीला गेली आणि मी अपडेटला बसलो.

ती बाहेर आली तेव्हा पडद्यावर गोल गोल ठिपके फिरत होते. टॉवेल केसांना गुंडाळलेला तसाच ठेवून ती माझ्याशेजारी बसली. थोड्या वेळानं लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, पासवर्डची चौकट आली. तिनं पासवर्ड टाकला. चुकीचा आहे, असं उत्तर आलं. तिनं पुन्हा टाकला, एकेक बटण बघून, हळूहळू. पुन्हा चुकीचा.

मी तिला म्हटलं, घाईत चुकत असशील, सरक. तिनं नाइलाजानं मला पासवर्ड सांगितला. तो होता सुका बोंबील, इंग्रजी अक्षरांत, सलग. आता तो बदललेला आहे म्हणून लिहितो. मी टाकला. चुकीचा. चौकटीच्या टोकाला डोळ्याचं चित्र असतं, ते दाबलं की आपण काय टाइप केलं ते दिसतं. ती ते दाबायला गेली तर मी तिचा हात अडवला. पासवर्ड कधीही पडद्यावर उघडा करायचा नाही, हा सुरक्षेचा पहिला धडा आहे, असं मी तिला सांगितलं. घरात आम्ही चौघं होतो. त्यातल्या एकीचा तो पासवर्ड होता, दुसऱ्याला तो तिनंच सांगितला होता, आणि उरलेल्या दोघींना त्याचं काहीही करायचं नव्हतं. तरी मी डोळा उघडू दिला नाही.

मग निदान सुरू झालं. पहिलं निदान: अपडेटनं पासवर्ड बिघडवला. दुसरं: कीबोर्डची बटणं खराब झाली. मी तिच्याकडून ब्रश मागून घेतला आणि बटणांच्या फटीतून बोंबलाचा बारीक चुरा काढला. तो प्रत्यक्ष निघाल्यामुळे मला बरं वाटलं, पण पासवर्ड चालला नाही. तिसरं निदान: अपडेट अर्धवट बसलं, म्हणजे ते उपटून काढलं पाहिजे. लॅपटॉप मध्येच बंद करून पुन्हा पुन्हा सुरू केला की एक निळा दुरुस्तीचा पडदा येतो. त्यात शिरून 'शेवटचं अपडेट काढून टाका' हा पर्याय मी निवडला. ते काढायला त्याला इतका वेळ लागला की आमची जेवणं झाली. जेवणं म्हणजे मी जेवलो. मेहुणी ताटावर बसली आणि उठली. सासूबाईंनी मला पापलेटाची मधली तुकडी वाढली, बायकोमार्फत आणखी एक हवी का विचारलं, आणि मी हो म्हटलं. आज हे लिहिताना वाटतं, त्या दिवशी मला दुसरी तुकडी मिळायला नको होती.

अपडेट निघालं. लॅपटॉप सुरू झाला. पासवर्ड चुकीचा.

या सगळ्या काळात सासूबाई समोरच्या पाटावर बसून लसूण सोलत होत्या. मध्ये मध्ये त्या मान लांब करून पडद्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या, मग पुन्हा लसणाकडे. एकदा उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बायकोशी काहीतरी कुजबुजल्या. बायको म्हणाली, "आई, नसेल गं तसं काही, तुला चष्म्याशिवाय दिसत नाही." त्या परत येऊन बसल्या, आणि या वेळी चष्मा लावून बसल्या. चष्म्यातून पाहून त्यांनी तोंडावर पदर घेतला. माझा समज असा की माझं कष्ट घेणं बघून त्यांना गहिवरून आलं.

दुपार उतरायला लागली तशी मेहुणी शांत झाली. ती शांत होणं मला जास्त जड गेलं. तिनं मला एवढंच विचारलं की आत्ता काहीच जमलं नाही तर काय. बाईंकडे जुना मसुदा होता, पण त्यात शेवटचं प्रकरण नव्हतं आणि पावसाळ्यातल्या नमुन्यांचे तक्तेही नव्हते. ते सगळं या एका यंत्रात होतं. इंटरनेटवर जमा झालं असतं, पण ते मी बंद केलं होतं, हे ती बोलली नाही. मीही बोललो नाही. पोर्टल बंद झालं की वर्ष जाणार होतं, आणि निकालावर तिचं एका प्रयोगशाळेतलं काम अवलंबून होतं. तिथं रुजू व्हायचा महिनाही ठरला होता.

मी आमच्या ऑफिसातल्या, मला फोनवर बोलावता येणाऱ्या त्या माणसाला फोन लावला. त्याला मी जे सांगितलं त्यात मी काल काय केलं होतं ते काहीच नव्हतं. मी सांगितलं, अपडेटनंतर पासवर्ड चालत नाही, अपडेट काढलं तरी चालत नाही. तो शनिवारचा जेवून झोपलेला असावा. म्हणाला, मग रिसेट मारा. मी विचारलं, फायली? तो म्हणाला, सगळं पुसायचं की फायली ठेवायच्या ते विचारेल. मी आभार मानून फोन ठेवला आणि निळ्या पडद्यावर परत गेलो. फायली ठेवायचा पर्याय दाबल्यावर यंत्रानं कुठलीशी चूक दाखवली आणि मागे फेकलं. उरला दुसरा पर्याय. सगळं काढून टाका.

मी मेहुणीला समजावायला लागलो की पुसलेल्या फायली परत काढून देणारी दुकानं पनवेलमध्ये आहेत, माझ्या ओळखीचं एक आहे. माझ्या ओळखीचं एकही नव्हतं. तिनं मान हलवली की नाही ते मला आठवत नाही. माझं बोट बटणावर होतं.

बायको तिच्या माहेरच्या माणसांसमोर मला नेहमी 'अहो' म्हणते. एरवी घरात 'तू'. त्या दिवशी आईसमोर ती म्हणाली, "हात काढ."

मी काढला. बायको आईकडे वळली. म्हणाली, तू मघाशी मला जे म्हणालीस ते यांना सांग. सासूबाई लसूण बाजूला ठेवून उठल्याच. त्यांनी बायकोला खूण केली की तूच सांग. बायको म्हणाली, मी नाही वाचलेलं, तू वाचलंयस, तूच सांग. सासूबाई म्हणाल्या, "जावयाला मी कशी सांगू? त्यो शबुद तोंडान आणवत नाय."

मग मेहुणीनं आईच्या पायाशी बसून विचारलं, कुठला शब्द. सासूबाईंनी तिच्या कानात सांगितलं. मेहुणी माझ्याकडे बघून म्हणाली, "भावजी, पासवर्डच्या पडद्यावर जा परत. उजव्या कोपऱ्यात खाली काय लिहिलंय बघा."

मी गेलो. सगळा पडदा इंग्रजीत होता. तळाशी उजवीकडे, अगदी बारीक अक्षरांत, देवनागरीत एकच शब्द होता: मरा.

सकाळपासून तो तिथे होता. पहिल्या वेळेस पासवर्ड चुकला तेव्हाच सासूबाईंना दिसला होता. पण यंत्र जावयाला उघड उघड मरा म्हणतंय, हे त्याच्या तोंडावर कसं सांगायचं? त्यांना वाटलं, जावयानं वाचलं असेल, त्यालाही लाज वाटली असेल, तो मुकाट्यानं सोसतोय. म्हणून त्यांनी दुसरी तुकडी वाढली होती.

मी त्या क्षणीसुद्धा शहाणा झालो नाही. मी म्हणालो, हा हॅकर आहे. मराठी हॅकर आहे. आपला माणूसच आपल्याला बुडवतो यावर मी एक वाक्य सुरूही केलं. अपडेटच्या नावाखाली कुणीतरी आत शिरलाय, धमकी देतोय, कुणीही कशाला हात लावू नका, अनोळखी गोष्टीवर क्लिक करू नका. मी वाय-फायची वायर उपटायला उठलो.

माझी पाठ वळल्यावर मेहुणीनं 'मरा'वर क्लिक केलं.

एक छोटीशी यादी उघडली. तिच्यात दोन ओळी होत्या. एक इंग्रजी, एक मराठी. मराठीपुढे खूण होती. 'मरा' म्हणजे मराठी, जागा कमी म्हणून तोडलेलं.

वायर माझ्या हातात होती. काय झालं होतं ते एव्हाना मलाही कळलं. आदल्या संध्याकाळी मराठीला मी उचलून पहिल्या नंबरवर बसवलं होतं. यंत्र बंद होऊन सुरू झालेलं नव्हतं तोवर काही बिघडलं नाही. अपडेटनं ते बंद करून सुरू केलं, आणि यंत्रानं पासवर्डसाठी माझी आवडती भाषा पुढे केली. त्या काळ्या ठिपक्यांमागे आम्ही दिवसभर देवनागरी टाइप करत होतो, आणि मराठी कीबोर्डवर त्याच बटणांना भलतीच अक्षरं असतात. अपडेट बिचारं काहीच करत नव्हतं. त्याला मी उगाच उपटून काढलं होतं.

मेहुणीनं तरीही इंग्रजी निवडायच्या आधी मराठीतच एकदा पासवर्ड टाकला आणि डोळ्याच्या चित्रावर बोट ठेवलं. या वेळी मी अडवलं नाही. चौकटीत उमटलं: ेहकोवदसवगत. पहिली मात्रा लटकलेली, बाकी ओळ एखाद्या मंत्रासारखी. बायकोनं ती मोठ्यानं वाचायचा प्रयत्न केला आणि मध्येच हसायला लागली. मेहुणी हसली नाही. तिनं यादीत इंग्रजी निवडलं, पासवर्ड टाकला आणि लॅपटॉप उघडला. प्रबंध जिथे होता तिथेच होता, शेवटच्या प्रकरणासकट, पावसाळ्यातल्या तक्त्यांसकट. ते पाहून मगच ती रडली.

सासूबाईंना मी स्वतः समजावून सांगायला गेलो की तो शिव्याशाप नव्हता, मराठी असं लिहायचं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बायकोला म्हणाल्या, "त्यांना सांग, मंग पुरता लिवाचा ना. ह्यो काय अरधा बोलतो." मला हे पटलं. हे म्हणणं यंत्र बनवणाऱ्यांपर्यंत पोहोचवायची इच्छा मला झाली होती, पण त्या दिवशी मी आणखी कुणालाही फोन करायचा नाही असं घरात ठरलं.

प्रबंध चढला. पोर्टलवर हिरवी खूण आली आणि थोड्या वेळानं बाईंचा 'मिळालं' असा निरोप. मेहुणीनं ती फाइल लगेच स्वतःला मेलवर पाठवली, मार्गदर्शक बाईंना पुन्हा पाठवली, बहिणीला पाठवली, आईच्या फोनमध्ये घातली. आईला फोनवर बोलण्यापलीकडे काही येत नाही, पण तिथे फाइल सुरक्षित राहील असं तिचं म्हणणं होतं, आणि ते बरोबर होतं. इंटरनेटवर जमा होण्याची सोय तिनं परत चालू केली. मी काढून टाकलेलं अपडेटही तिनंच परत टाकलं, माझ्या शेजारी बसून.

माझा फोन टेबलावर होता. त्यावर काही आलं नाही. ते सासूबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी बायकोमार्फत मेहुणीला सांगितलं की सगळ्यांना धाडलंस तर जावयालाही धाड, असं बरं दिसत नाही. मेहुणीनं बराच वेळ काहीतरी केलं आणि मलाही पाठवली.

ती फाइल उघडायला पासवर्ड लागतो. मी दोनतीनदा विचारला. सांगते भावजी, म्हणते. ती आता तळोज्याला प्रयोगशाळेत कामाला जाते, शनिवारी आमच्याकडे जेवायला येते, आणि अजून सांगितलेला नाही.